विमान उजवीकडे वळलं त्यानंतर

शिरू,

घरी भेटायला येणारी माणसं अजून थांबलेली नाहीत. येतात, खुर्चीच्या कडेवर बसतात, आईच्या हातावर हात ठेवतात आणि निघताना मला जिन्यापाशी गाठून हळूच विचारतात, "विमानातच झालं का हो?" मी सांगते, नाही, कावीळ झाली होती, ती मेंदूत गेली. त्यांना ते पटत नाही. विमान चालवणाऱ्या माणसानं परळच्या हॉस्पिटलात, पिवळ्याजर्द डोळ्यांनी, खाटेवर जावं हे कुणालाच बरोबर वाटत नाही. मलाही वाटत नाही. पण माझं कारण वेगळं आहे. माझं तुझ्याशी एक भांडण चालू होतं आणि ते अर्धंच राहिलंय.

तू गेलास त्याच आठवड्यात वाडीत दिव्यांच्या माळा आल्या. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला, म्हणून सगळ्या गिरगावात रोषणाई. वाडीचे सेक्रेटरी आपल्या दारात येऊन घुटमळले. "ताई, माळ तुमच्या गॅलरीवरून न्यायची होती. पण वळवून घेऊ का?" आई आतूनच म्हणाली, "इथूनच न्या. तो असता तर त्यानंच बांधली असती." खरंच आहे ते. हरताळ, मोर्चे, फाउंटनवरचा गोळीबार, सगळं तू पाहिलंस. चौपाटीवरच्या सभेहून घसा बसवून यायचास आणि आईच्या हातचा काढा पीत खुणेनं बोलायचास. निकाल लागल्यावर मात्र नाहीस. माळा बांधताना वाडीतली पोरं तुझ्या नावानं हळहळली. मला त्यांच्या दिव्यांचा राग आला नाही, तुझाच आला. एवढी वर्षं वाट बघितलीस, अजून थोडी बघायची होतीस.

तुझ्याशी रागावून बोलायची सवय आहे मला. ती लगेच कशी जाणार?

बेळगावहून आपण आलो त्या दिवसाबद्दल घरात किती वेळा विषय निघाला असेल! पण तू आणि मी समोरासमोर बसून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत कधी बोललोच नाही. आज मी बोलते. तू ऐक. मधे तोंड घालायची सोय तुला राहिलेली नाही.

मावशीला बरं नव्हतं म्हणून मी शाळेतून रजा घेऊन बेळगावला गेले होते. परतायच्या वेळी तू तिथं विमान घेऊन येणार होतास. "ताई, दीड दिवस आगगाडीत धूळ खाण्यापेक्षा माझ्याबरोबर चल," म्हणालास. आईला विचारलं असतं तर तिनं देव पाण्यात घातले असते, म्हणून आपण तिला विचारलंच नाही. तुझी कंपनी म्हणजे बारकीच. लढाई संपल्यावर लष्करानं काढून टाकलेली एक-दोन विमानं, माल न्यायचा आणि उरलेल्या जागेत माणसं बसवायची. पुढं दोन मोठी चाकं, शेपटीखाली एक लहान. उभं असलं की मागचे पाय मोडून, नाक वर करून बसलेल्या कुत्र्यासारखं दिसायचं तुझं विमान. त्या दिवशी निम्म्या जागेत जाळी टाकून लोण्याचे डबे बांधले होते. बेळगावचं लोणी मुंबईच्या हॉटेलांत जायचं होतं. लोण्यामागं आम्ही मोजकी माणसं.

मी पिशवी घेऊन पंखाच्या सावलीत उभी होते. डाव्या चाकाशी एक माणूस उकिडवा बसला होता. सावळा, कानावर केस पिकलेले, हात कोपरापर्यंत तेलानं माखलेले. तू ओळख करून दिलीस. "हे परब. आमचे मेकॅनिक. काळाचौकीला राहतात. विमान जाईल तिथं हे जातात." परबांनी कोपर कपाळाला लावून नमस्कार केला आणि तुझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, डावो ब्रेक नरम लागता. पेडल खाली खाली जाता. तेल भरलंय, पण नळी खयतरी पाझरता."

"नळी बदलता येईल?"

"हयसर नवी नळी गावाची नाय. मुंबयक गेल्यार बदलूया."

"मुंबईपर्यंत चालेल?"

परब चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "जायत, साहेब. वारो समोरचो असलो तर ब्रेकाची तशी गरजच नाय."

तू आभाळाकडे बघितलंस, धावपट्टीच्या टोकाला वारा दाखवायला लावलेल्या कापडी नळकांड्याकडे बघितलंस. "मुंबईलाही समोरचाच आहे असं कळवलंय," म्हणालास. "चला."

हे बोलणं मी माझ्या कानांनी ऐकलंय, शिरू. पुढं जे काय झालं त्यात मला सगळ्यात टोचत राहिलं ते हेच, की मी ते ऐकलं होतं.

वरचा प्रवास मला फार आवडला होता, हे तुला सांगायचंच राहून गेलं. घाट पायाखाली पडलेल्या चुरगळलेल्या लुगड्यासारखे दिसत होते. एकदा तू मागं येऊन मला विचारलंस, "भीती वाटते?" मी म्हटलं, "तू इथं उभा आहेस तर पुढं कोण बघतंय, त्याची वाटते." तू हसलास. तसा हसलेला तू मला पुन्हा दिसला नाहीस.

सांताक्रूझला उतरताना समुद्र उजवीकडे चमकत होता. चाकं टेकली ती इतकी अलगद की माझ्या शेजारचे व्यापारी "वा!" म्हणाले. मग शेपूट खाली बसली आणि विमान सरळ पळू लागलं. मला वाटलं, आलो. तेवढ्यात खिडकीतलं गवत जवळ येऊ लागलं. विमान हळूहळू उजवीकडे वळत होतं. पहिल्यांदा हळूच, एखाद्याला उजवीकडच्या घरी जायचं असावं तसं. मग एकदम. उजवीकडचं इंजिन ओरडलं, सगळं विमान थरथरलं, मागोमाग दोन्ही इंजिनं गप्प झाली. ती शांतता भयंकर होती. मग डावीकडून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, डावा पंख खाली गेला, आणि जाळी तुटून लोण्याचे डबे आमच्या अंगावर आले.

माझा उजवा हात दोन खुर्च्यांच्या मधे सापडला होता. तो कसा सुटला ते मला आठवत नाही. परब खुर्च्यांवरून चढत आले एवढं आठवतं. "ताई, बेगीन बाहेर, बेगीन," म्हणत त्यांनी मला काखेत धरून उचललं. फरशीवर लोणी सांडलेलं, त्यावरून मी घसरत घसरत दारापर्यंत गेले आणि थेट गवतात पडले. शेजारचे व्यापारी टोपीपासून धोतरापर्यंत लोण्यात भिजलेले. आम्ही सगळे जिवंत होतो. आग लागली नाही. कुणीतरी हसायला लागलं आणि मग रडायला.

तू सगळ्यांत शेवटी उतरलास. कुणाकडे बघितलं नाहीस. विमानाला एक फेरी मारलीस, डाव्या बाजूला मोडून पडलेल्या चाकाशी गुडघ्यावर बसलास. मग मान वर केलीस आणि तुला माझा हात दिसला. तुझा तो चेहरा मी कुणाला सांगितलेला नाही. आईलाही नाही.

मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. जुळलं, पण वाकडं जुळलं. फळ्यावर लिहिताना मी आता खांद्यातून हात फिरवते, मुली मागं नक्कल करतात, मला ठाऊक आहे. त्याचं मला काही नाही. खरंच काही नाही. पण त्यानंतर तू कधी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं नाहीस. मी चहाचा कप पुढं केला की कपाकडे बघायचास. मी दर वेळी ठरवायची, आज सांगून टाकू, "अरे, दुखत नाही ते आता." आणि दर वेळी आपलं बोलणं परबवर जाऊन अडायचं, आवाज चढायचे, आणि आई मधे पडायची. सांगायचं ते तसंच राहायचं.

वाडीनं तुझा सत्कार ठरवला तेव्हा तर मला हसावं की रडावं ते कळेना. ते दिवसच तसे होते. आपला माणूस म्हटलं की लोकांचा ऊर भरून यायचा. कुणीतरी छापून आणलं, 'मराठी वैमानिकाने प्रवाशांचे प्राण वाचवले.' गणपतीच्या मांडवात खुर्च्या मांडल्या, नारळ आणला, शाल आणली. सेक्रेटरींनी मोठं भाषण केलं. मग तू उभा राहिलास. हार घालायला आलेल्या माणसाचा हात धरून तू म्हणालास, "हे नका करू. मी कुणाला वाचवलेलं नाही. विमान माझ्या हातून गेलं. जमिनीवर गेलं म्हणून सगळे वाचलो, एवढंच."

 मग मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी ओरडलं, "हा त्यांचा विनय आहे!" आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. तुला हार घालूनच सोडलं. तू इतका केविलवाणा दिसत होतास त्या हारात! मी पहिल्या रांगेत होते, हाताला प्लास्टर. मला टाळ्या वाजवता येत नव्हत्या. बरंच झालं.

नंतर चौकशी लागली. अधिकारी दिल्लीहून आले होते. मला साक्षीला बोलावलं नाही. एक तर बाई, त्यातून सख्खी बहीण. पण नातेवाईक म्हणून मागच्या बाकावर बसू दिलं. आदल्या दिवशी संध्याकाळी तू मला एवढंच म्हणालास, "ताई, उद्या काहीही ऐकलंस तरी उठून उभी राहू नकोस." मला वाटलं, तुला माझ्या हाताची काळजी आहे.

परबला विचारलं, "कॅप्टननी तुम्हाला डाव्या ब्रेकबद्दल काही सांगितलं होतं? तुमचं आणि त्यांचं त्यावर बोलणं झालं होतं?" परबनं खाली मान घालून सांगितलं, "नाही साहेब. मला काही माहीत नव्हतं."

मी जागच्या जागी ताठ झाले. मग तुला विचारलं. तू म्हणालास, "सकाळी ब्रेक नरम आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. तरी विमान न्यायचं हे मी ठरवलं. उतरताना वारा फिरून उजवीकडून आला. विमान वाऱ्याकडे वळायला लागलं, ते थोपवायला डावा ब्रेक हवा होता, तो लागला नाही."

"मेकॅनिकला सांगितलं होतं?"

"आठवत नाही."

मी तुझ्या मानेकडे बघत होते. लहानपणी खोटं बोललास की तुझी मान लाल व्हायची. झाली होती.

त्या निकालानं तुझं लायसन्स काही काळापुरतं काढून घेतलं आणि कंपनीनं तुला कायमचं काढून टाकलं. ठाण्याचं स्थळ चालून आलं होतं, ते लोक परत आलेच नाहीत. परबची नोकरी राहिली. साक्षीच्या दिवशी घरी आल्यावर मी पायातल्या चपला काढायच्या आधी तुला विचारलं, "तो खोटं बोलला आणि तू गप्प बसलास?"

"विमान न्यायचं की नाही हे कॅप्टन ठरवतो, ताई. परब नाही."

"पण 'जाईल' असं तो म्हणाला होता. मी ऐकलंय."

"तो म्हणाला. मी मानलं. मानणारा मीच ना?"

"मग तेच सांगायचं होतंस. खरं होतं तेवढं सांगायचं."

"त्याला चार पोरं आहेत."

"म्हणून त्यानं खोटं बोलावं आणि तू त्याला साथ द्यावी? मी वर्गात पोरींना काय शिकवते, शिरू?"

तू म्हणालास, "वर्गात वारा नसतो." आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलास. मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही. अजून आवडत नाही. खरं बोलायला वाऱ्याची काय अडचण?

किती वेळा हे झालं! जेवताना, दिवाळीचा फराळ करताना, एकदा तर चौपाटीवरच्या सभेहून परत येताना भर रस्त्यात. तू म्हणायचास, आता जाऊ दे. मी म्हणायची, जाऊ कसं देऊ, एका खोटारड्या माणसापायी तुझी उड्डाणं गेली. तो शब्द मी वापरला की तू नेहमी म्हणायचास, "त्याला तसं म्हणू नकोस." इतकंच. त्यापुढं एक शब्द नाही. माझ्या लक्षात यायला हवं होतं. ज्याच्यामुळं नुकसान झालं त्याची इतकी कड कुणी घेत नाही.

लायसन्स परत मिळालं तेव्हा तू ते कपाटात ठेवून दिलंस. दुसरी कंपनी घेत नव्हती, हे खरं. पण तू मागं लागलाही नाहीस. दादरच्या मोटार शिकवणाऱ्या शाळेत नोकरी धरलीस. आभाळातला माणूस शेटजींना आणि डॉक्टरांना गिअर कसा टाकायचा ते शिकवू लागला. आई देवाजवळ रडायची. तू मात्र तिथं रमला होतास असं मला वाटतं. एक दिवस मलाच म्हणालास, "ताई, तू शीक. बाईनं मोटार चालवलेली गिरगावात बघू दे लोकांना."

मी शिकले, ते तुझ्याच हाताखाली. लालबागचा तो दिवस आठवतो? परळच्या बाजूनं मोर्चा आला. बंद गिरण्यांतले कामगार, हातात झेंडे, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'च्या घोषणा. सगळा रस्ता माणसांनी भरला. मी घाबरून ब्रेकवर दोन्ही पाय ठेवून उभीच राहिले म्हण ना. गाडी दचकून थांबली. माणसं दोन्ही बाजूंनी वाहत गेली. एका म्हाताऱ्यानं खिडकीत डोकं घालून मला म्हटलं, "बाय माझी, गाडी चालयता!" आणि खूश होऊन पुढं गेला. आपण अडकून बसलो होतो. तेव्हा तू पहिल्यांदा आणि एकदाच बोललास.

"ताई, ब्रेक दाबला की पायाला खालून काहीतरी लागतं. कळतं, की धरलंय. त्या दिवशी खाली काहीच लागलं नाही. पाय नुसता आत गेला. पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. मग उजवं इंजिन वाढवलं, म्हणजे नाक डावीकडे येईल. आलं नाही, वेग मात्र वाढला. मग दोन्ही इंजिनं बंद केली. त्यानंतर मला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हातात सगळं होतं आणि काहीच चालत नव्हतं. त्या वेळी मी फक्त एक विचार केला, की ताई कुठल्या बाजूला बसलीय."

मी तुझ्याकडे वळले होते. तुझे डोळे समोरच्या माणसांवर होते. तेव्हा बोलायला हवं होतं मी. सगळं तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण मोर्चा संपला, मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, तू म्हणालास, "पहिला गिअर टाक. हळू." आणि मी टाकला.

गेल्या महिन्यात तुझे डोळे पिवळे दिसले तेव्हा आपण थट्टा केली. आईला सांग, हळद कमी घालत जा, म्हणालास. नंतर थट्टा करायला फुरसत मिळाली नाही. परळच्या वॉर्डात तुझ्या उशाशी बसून मी उसाचा रस चमच्यानं घालत होते. एका दुपारी दारात परब दिसला. कानावरचे केस आता पूर्ण पांढरे. हातात मोसंब्यांची पिशवी. तू त्याला बघून उठायला लागलास.  मी खुर्ची रिकामी केली आणि बाहेर जाऊन पॅसेजमध्ये उभी राहिले. काचेतून दिसत होतं, तो खाली वाकला होता आणि तू त्याच्या पाठीवर हात ठेवला होतास. मला वाटलं, माफी मागतोय. मागू दे, उशिरा का होईना.

तो गेल्यावर मी आत आले. तू डोळे मिटून म्हणालास, "ताई, परबबद्दल तुला एक सांगायचंय."

मी पांघरूण नीट केलं. "आता नको. बोलून दमशील. उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी तू मला ओळखलं नाहीस. आईला ओळखलंस, मला नाही. मला "सिस्टर" म्हणालास. आणि मग तेही नाही.

परवा परब घरी आले. दुपारची वेळ होती, आई जरा आडवी झाली होती. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. ते आत येऊन तुझ्या फोटोसमोर हात जोडून उभे राहिले, मग जमिनीवरच बसले. खुर्ची दिली तरी बसेनात.

"ताई," म्हणाले, "साहेबांनी तुमका सांगितल्यानी काय?"

"काय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना कळलं, की नाही सांगितलं. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. मग जे सांगितलं ते मी तुला पुन्हा सांगते, कारण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं ते मला त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं.

"चौकशीच्या आधी साहेब काळाचौकीक माझ्या घराक इल्ले. माका म्हणाले, परब, विचारतले तेव्हा सांगा, माका काय एक माहीत नाय. मी म्हटलंय, साहेब, खोटा कित्याक बोलू? 'जायत' म्हणान मीच सांगितलंय तुमका. जा काय होयत ता दोघांचा होयत. तर म्हणाले, दोघांनी सांगितला तर दोघय जातले. मी गेलंय तर माझ्या घरात बहीण कमावता. तुमी गेलास तर तुमच्या घरात कोण?" परबांनी पंचा मांडीवर ठेवला. "मी नाय नाय म्हणत होतंय. माझ्या बायलेन साहेबांचे पाय धरल्यान. तेव्हा मी गप झालंय."

  तुझी लाल मान माझ्या डोळ्यांसमोर आली. ज्याला मी खोटारडा म्हणत राहिले त्याच्या तोंडी ते खोटं तूच घातलं होतंस. आणि मला सांगितलं नाहीस. कारण मला सांगितलं असतंस तर मी त्याच पावली जाऊन अधिकाऱ्यांना सांगून आले असते. तू मला ओळखत होतास. बहीण कमावते, असं म्हणालास! मला न विचारता माझ्या भरवशावर एवढं मोठं केलंस आणि वर माझ्याच शिव्या खाल्ल्यास.

पण एक सांग. परबांचं काय? ते म्हणाले, "नोकरी ऱ्हवली, पोरां शिकली. थोरलो आता मॅट्रिक झालो. पण ताई, विमानाचा चाक बघितला की माका साहेब दिसत. हॉस्पिटलात मी तांच्या पाया पडान म्हटलंय, आता तरी सांगूक द्या. तर म्हणाले, ताईक विचारा." तू त्यांना वाचवलंस, मान्य. पण ते ओझं त्यांच्या पाठीवर देताना तू त्यांना तरी नीट विचारलंस का? दयेच्या भरात तू दोन माणसांना गप्प केलंस, शिरू. एक त्यांना आणि एक मला. हे बरोबर होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. आणि चूक होतं असं म्हणायला गेले की त्यांचा मॅट्रिक झालेला मुलगा समोर येतो.

आई उठली, तिनं आतून विचारलं, "कोण आलंय ग?" मी म्हटलं, "परब आलेत, आई. शिरूचे." ती बाहेर आली आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. तिला यातलं काही माहीत नाही. तिनं त्यांना विचारलं, मुलं काय करतात, गावाकडे जाऊन आलात का. परब तिला सगळी उत्तरं देत होते आणि बघत माझ्याकडे होते.

निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "ताई, मी उद्या हापिसात जाऊन खरा काय ता लिवन देऊ काय? आता साहेब नाय माका अडवूक. तांचा नाव तरी साफ होयत. तुमी सांगशात तसा."

एवढी वर्षं मला हेच हवं होतं. याच्यासाठी तर मी तुझ्याशी भांडत होते. तुझं नाव साफ व्हावं, कुणीतरी सांगावं की चूक एकट्या कॅप्टनची नव्हती, तीही जाणूनबुजून केलेली नव्हती, दोघांनी मिळून प्रामाणिकपणे वाऱ्याचा चुकीचा अंदाज केला होता. त्यांच्या तोंडून आता ते निघणार होतं, आणि हो म्हणायचं काम फक्त माझं होतं.  परबांच्या नखांत अजून चालू असलेल्या नोकरीचा, तेलाचा काळा रंग होता.

मी म्हटलं, "नको."

 मग त्यांनी मान खाली घातली आणि जिना उतरू लागले. मी कठड्यावरून वाकून म्हटलं, "परब, एखाद्या रविवारी बायकोला घेऊन या. आईला बरं वाटेल." त्यांनी वर बघून हात जोडले.

मी नको म्हटलं म्हणून वाद तू जिंकलास असं समजू नकोस, शिरू. मला अजून पुष्कळ म्हणायचंय. तू चुकलास, असं मी उद्याही म्हणेन, आणि परवाही. फक्त तू गॅलरीत जाऊन उभा राहशील आणि थोड्या वेळानं आत येऊन "चहा टाक ग" म्हणशील, तेवढं आता होणार नाही.

तुझी,
ताई